नसलेल्या दिवसाची विश्रांती

१

भावाच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं जेवून गेली, मंडपवाल्याने खुर्च्या टेम्पोत भरल्या, आणि मग धम्मदीपाने आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. भावाची निळी डायरी तिथे नव्हती.

सकाळी तिनेच ती ठेवली होती. रत्नदीपची बॅग जहाजावरून त्याच दिवशी घरी पोहोचली होती. बॅगेसोबत सामानाची यादी होती आणि तिच्यात नवव्या ओळीत ‘डायरी, निळी, एक’ असं लिहिलेलं होतं. कपडे, बूट, चार्जर, आईचा फोटो, सगळं यादीबरहुकूम मिळालं. डायरीची तिने तीन-चार पानं उभ्याउभ्या वाचली. पुढे वाचवेना, म्हणून कपाटात ठेवून ती पाहुण्यांकडे गेली. संध्याकाळी कपाटात फक्त कपडे उरले होते.

हे तिने शरदचंद्र पाटणकरांना सांगितलं तेव्हा मध्ये तेरा दिवस गेले होते.

पाटणकर भुकूमच्या एका नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एकटे राहत. एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेली, शेवटची सहा कॅप्टन म्हणून. पौडच्या ज्या दवाखान्यात ते रक्तदाब दाखवायला जात, तिथे धम्मदीपा ओव्हाळ नर्स होती. पट्टा दंडाला गुंडाळताना ती कधीमधी भावाबद्दल विचारायची. जहाजावर खलाशी आहे, त्याला नेट कधी मिळेल, तिकडे थंडी किती असेल, असलंच काहीतरी. मार्चनंतर तिचं विचारणं थांबलं, तेव्हा पाटणकरांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आज ती ड्यूटी संपवून थेट त्यांच्या घरी आली होती आणि खुर्चीच्या कडेवर टेकली होती.

“डायरी हरवली तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे. घरातलं दुःख मोठं होतं,” ती म्हणाली. “पण काल हे आलं, सर.”

कंपनीचं पत्र इंग्रजीत होतं आणि फार सभ्य होतं. अठरा मार्चला सकाळी रत्नदीप ओव्हाळ हा खलाशी मालाच्या कोठीत मृतावस्थेत सापडला. त्या वेळी त्याची विश्रांतीची वेळ चालू होती. त्याला कोणीही कोठीत जायला सांगितलेलं नव्हतं. त्याच्या आदल्या आठवड्याचा कामाचा तक्ता सोबत जोडला आहे. त्यावरून त्याला भरपूर विश्रांती मिळत होती हे दिसेल. तो स्वतःहून आत का गेला हे सांगता येत नाही. मात्र त्याच्या मनःस्थितीबद्दल कुटुंबाला काही माहिती असल्यास कळवावी.

“मनःस्थिती,” धम्मदीपा म्हणाली. “म्हणजे त्याने जीव दिला, असंच ना?”

पाटणकरांनी उत्तर दिलं नाही. ते तक्ता पाहत होते. अकरा ते सतरा मार्च, सात ओळी. प्रत्येक ओळीत चोवीस तासांचे चौकोन, कामाचे काळे, विश्रांतीचे पांढरे. रोज अकरा तास, बारा तास विश्रांती. सोळा तारखेसमोर शेरा होता : ताप, दिवसभर विश्रांती. खाली सही होती, रत्नदीपची.

“सही त्याचीच आहे?”

“वाटते तर त्याचीच.”

जहाजावरच्या माणसाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असा सगळ्या देशांनी मिळून केलेला करार आहे. ती मिळाली हे दाखवायला असा तक्ता ठेवतात. पाटणकरांनी असे शेकडो पाहिले होते. पाहिले होते, एवढंच त्यांनी धम्मदीपाला सांगितलं.

तिने सोळा तारखेच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे खोटं आहे, सर. तापाचं मी डायरीत वाचलंय. एकशेदोन ताप, कुणाला सांगितला नाही, चौदा तास काम केलं, असं त्याने लिहिलं होतं. नर्स आहे ना मी, आकडा लक्षात राहिला.”

पाटणकरांनी चष्मा काढला. “कुणाला सांगितला नाही?”

“कुणालाच नाही.”

“मग यांना कसा कळला?”

२

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मुळशी धरणाच्या काठी धम्मदीपाच्या गावात गेले. विहाराच्या मागे ओव्हाळांचं दोन खोल्यांचं पक्कं घर होतं. तिचे वडील सोपान ओव्हाळ पाटबंधारे खात्यात चौकीदार होते, आता निवृत्त. त्यांनी “जय भीम, साहेब” म्हणून खुर्ची पुढे केली. तिची आई प्रभावतीबाई उंबऱ्याशी बसून राहिल्या.

“पोरगं पवायला धरणात शिकलं,” सोपान म्हणाले. “पाण्याला भ्यायचं न्हाई. आन् मेलं कशात, तर कोरड्यात. साहेब, कोठीत माणूस मरतो तरी कसा? ह्ये आमाला कुणी सांगितलंच न्हाई.”

पाटणकरांनी सांगितलं. जहाजात लाकडाच्या भुशाच्या गोळ्या भरलेल्या होत्या, जपानमधल्या वीजकेंद्रात जाळायला. बंद कोठीत हा माल हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. ना वास, ना धूर. माणूस शिडीवरून चार पायऱ्या उतरतो आणि दिवा विझावा तसा पडतो. म्हणून आत जाण्याआधी मीटरने हवा मोजायची आणि चीफ मेटने, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालच्या मुख्य अधिकाऱ्याने, लेखी परवानगी द्यायची, असा नियम आहे.

“त्याला ठावं हुतं ह्ये?” प्रभावतीबाईंनी विचारलं.

“प्रत्येक खलाशाला ठाऊक असतं.”

“मग त्यो आपल्या मनानं कशाला जाईल?”

“नाही जाणार, ताई.”

मग त्यांनी पुण्यानुमोदनाच्या दिवसाचं विचारलं. आतल्या खोलीत कोण कोण गेलं होतं? भावकीतल्या बायका स्वयंपाकाला मागच्या पडवीत होत्या, पुरुष मंडपात. जहाजाशी संबंध असलेली माणसं तीनच. कौस्तुभ नावाचा थर्ड ऑफिसर. त्याचा करार जपानच्याच बंदरात संपला म्हणून कंपनीने बॅग त्याच्या हाती दिली होती. दुसरा विलास, ज्याच्या पौडच्या एजन्सीमार्फत रत्नदीप जहाजावर लागला. आणि तिसरा रवी, सोपानच्या बहिणीचा मुलगा, रत्नदीपचा आतेभाऊ. तोही पूर्वी बोटीवर होता. आता विलासच्याच ऑफिसात कागदपत्रं करायचा.

“इलासला म्या उंबरा वलांडू दिला न्हाई,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “हार घेऊन आला हुता. म्हटलं, तितंच बस. बसला मंडपात ह्यांच्या शेजारी, आन् तसाच गेला.”

“खरंय,” सोपान म्हणाले. “माज्या नजरेसमोर हुता.”

“आणि कौस्तुभ?”

“त्येनं बॅग आत नेऊन ठेवली. पाणी प्याला, रडला आन् गेला.”

“रवी?”

“त्यो घरचाच की,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “चार दिस हितंच हुता. सतरंज्या, भांडी, समदं त्येनंच बगितलं.”

धम्मदीपा गाडीपर्यंत सोडायला आली. दार लावताना तिला काहीतरी आठवलं.

“सर, आणखी एक. तो डायरी कधी चुकवायचा नाही, शाळेपासूनची सवय. पण मी वाचली त्या पानांत एका दिवसाची नोंदच नव्हती. तारीख आठवत नाही. तेव्हा वाटलं, इतका थकला असेल का, की दोन ओळीही लिहवल्या नाहीत?”

३

कौस्तुभ कोथरूडला आईवडिलांकडे राहत होता. तो भुकूमला आला आणि पाटणकरांच्या गॅलरीत उभा राहूनच बोलला. पंचविशीचा, केस नुकतेच कापलेले. समोरच्या डोंगरावर बांधकामाची क्रेन फिरत होती, तिच्याकडे बघत तो उत्तरं देत होता.

“बॅग तू भरलीस?”

“हो सर. यादीही मीच लिहिली. चीफ मेटने खाली सही केली, न वाचता. तो काहीच वाचत नाही.”

“डायरी वाचलीस?”

“दुसऱ्याची डायरी वाचत नाहीत, सर.”

पाटणकरांना ते पटलं. ही डायरी नको असती, तर याला जहाजावरूनच समुद्रात टाकता आली असती. निदान यादीत तरी लिहिली नसती.

त्यांनी तक्ता दाखवला. कौस्तुभने सहीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“त्या आठवड्याच्या तक्त्यावर त्याने सही केली नव्हती, सर. मेटने दोनदा बोलावलं. रत्नदीप म्हणाला, खरे तास लिहा, मग करतो. सगळ्या मेसमध्ये त्याची चर्चा होती.”

“आणि हा ताप?”

“ताप? कोणी आजारी असल्याचं रिपोर्ट केलं नव्हतं. सोळाला तो माझ्यासमोर दिवसभर डेकवर होता.”

“अठराच्या सकाळी काय झालं?”

कौस्तुभने गॅलरीचा कठडा धरला. मग त्याने क्रेनवरची नजर न काढता सांगितलं.

“सव्वासातला मी नाश्त्याला आलो. मेसमधल्या रेडिओवर मेटचा आवाज येत होता. रत्नदीप, तळ दिसतो का, पाणी आहे का तळाला? तीनदा विचारलं. चौथ्यांदा नुसतीच हाक मारली.”

“म्हणजे त्याला पाठवलं होतं. आणि वरून तळ दिसेना म्हणून तो उतरला.”

“सर, माझी पाच महिन्यांची समुद्रावरची नोकरी बाकी आहे. ती झाली की पुढची परीक्षा. हे मी लिहून देणार नाही. तुम्हाला माहितीये, लिहून देणाऱ्याचं काय होतं.”

पाटणकरांना माहीत होतं. त्यांनी आग्रह केला नाही, आणि आग्रह करत नसल्याची लाजही त्यांना वाटली.

निघताना कौस्तुभचा सूर थोडा हलका झाला. “तो चांगला होता, सर. माझा वाढदिवस आलाच नाही यंदा, तर मला म्हणाला, थर्डसाहेब, तुमचा केक समुद्राने खाल्ला. कुठून तरी बिस्किटाचा पुडा आणून दिला.”

पाटणकर ओठांनीच हसले. त्यांचं मन रेडिओवरच्या त्या चौथ्या हाकेत अडकलं होतं.

४

विलासचं ऑफिस पौडच्या बाजारात, खतांच्या दुकानाच्या वर होतं. भिंतीवर जहाजांचे फोटो होते आणि मधोमध पांढरी टोपी घातलेला तरुण विलास कुठल्याशा जहाजाच्या स्वयंपाकघरात उभा होता.

“अकरा वर्षं कुक होतो, कॅप्टनसाहेब,” तो म्हणाला. “अमेरिका-जपान, जपान-अमेरिका. चौदा वेळा पॅसिफिक ओलांडलाय. तेव्हा मला समुद्र शिकवायची गरज नाही. रत्नदीप माझ्या पोरासारखा होता.”

“हा तक्ता तुमच्याकडून गेला का?”

“माझ्याकडून कशाला जाईल? जहाजाचे कागद जहाजावर होतात.” त्याने कागदाकडे नीट पाहिलंही नाही. “कंपनी मागते ते आम्ही पाठवतो. फॉर्म, फोटो, मेडिकल. सगळं रवी बघतो. रवी, साहेबांना चहा सांग.”

कोपऱ्यातल्या संगणकामागून रवी उठला. एकोणतीस-तीसचा, खांद्यात वाकलेला. त्याने पाटणकरांना जय भीम घातला आणि जिन्याने खाली गेला.

“चांगला मुलगा,” विलास म्हणाला. “दुबईकडे एका टगवर होता. बंदराच्या तोंडाशी जहाजं ओढायची, एवढंच काम. टाकीतल्या पाण्यात अळ्या निघाल्या म्हणून याने तिथल्या इन्स्पेक्टरला सांगितलं. झालं. त्यानंतर चार वर्षं कुठल्याही कंपनीने घेतला नाही. नाव एकदा काळ्या यादीत गेलं की गेलं. पण आता काम झालंय त्याचं. मेच्या पहिल्या आठवड्यात चढतो.”

“नाव यादीतून कसं निघालं?”

विलास हसला. “आपण कशासाठी आहोत?”

रवी चहा घेऊन आला. कप ठेवताना त्याची नजर तक्त्यावर पडली आणि कपातला चहा बशीत सांडला. विलासने ते पाहिलं नाही. पाटणकरांनी पाहिलं, पण नातेवाइकाची सही बघून कोणाचाही हात हलेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

“कोणत्या जहाजावर चाललास?” त्यांनी विचारलं.

रवीऐवजी विलासच बोलला. “तेच जहाज. रत्नदीपचीच जागा.”

५

पुढचे दोन दिवस तक्ता पाटणकरांच्या जेवणाच्या टेबलावर पडून होता. तो करणाऱ्याला तापाचं माहीत होतं. ताप फक्त डायरीत होता. म्हणजे तक्ता केला त्याच्यासमोर डायरी उघडी होती, आणि डायरी मुळशीतल्या घरातून गेल्यावरच हा तक्ता तयार झाला. जहाजावर नव्हे, जमिनीवर. रत्नदीपने सही नाकारली, म्हणून त्याच्या मरणानंतर सही असलेला कागद बनवावा लागला. इथपर्यंत ते पोहोचले होते. पण हे सगळं धम्मदीपाच्या आठवणीवर उभं होतं. कंपनीचा वकील म्हणेल, बहीण आहे, काहीही सांगेल.

कागदातच काहीतरी असायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करत होते. मधेच त्यांनी वस्तरा खाली ठेवला. फेस तसाच गालावर ठेवून ते टेबलापाशी आले आणि तारखांवरून बोट फिरवलं. अकरा, बारा, तेरा, चौदा. मग त्यांनी फोन उचलला.

“कौस्तुभ, तुझा वाढदिवस कधी असतो?”

“बारा मार्च, सर. का?”

पाटणकरांनी फोन ठेवला आणि जवळच्या खुर्चीत बसले. एकतीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला हे दिसायला इतके दिवस लागले होते.

६

त्यांनी रविवारी दुपारी सोपानच्या घरी येतो असं कळवलं आणि रवीलाही बोलवायला सांगितलं. रवी आला. भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन बसला. सोपान आणि धम्मदीपा पलंगावर होते, प्रभावतीबाई नेहमीच्या जागी.

“हे जहाज चार मार्चला कॅनडाहून निघालं आणि पश्चिमेकडे जपानला गेलं,” पाटणकर म्हणाले. “वाटेत भर समुद्रात एक रेघ लागते. डोळ्यांना दिसत नाही, नकाशावर असते. पृथ्वीभोवती फिरताना तारखेचा हिशोब जुळावा म्हणून ती ठरवलेली आहे. पश्चिमेकडे जाताना ती ओलांडली की एक अख्खी तारीख गाळतात. माणूस अकरा तारखेला झोपतो आणि तेरा तारखेला उठतो.”

“म्हंजी बारा तारीख न्हाईच?” सोपानने विचारलं.

“त्या जहाजावर नव्हतीच. कौस्तुभचा वाढदिवस बाराला असतो. यंदा तो आलाच नाही. रत्नदीपने डायरीत एक दिवस चुकवलेला नाही. त्या आठवड्यात दिवसच सहा होते.” त्यांनी तक्ता मधोमध ठेवला. “इथे सात आहेत. बारा मार्चला रत्नदीपने साडेअकरा तास विश्रांती घेतली, असं लिहिलंय. जो दिवस उगवलाच नाही, त्या दिवशी.”

धम्मदीपाने वाकून बारा तारखेची ओळ पाहिली.

“जहाजावरचा कोणीही ही चूक करणार नाही. विलास चौदा वेळा ती रेघ ओलांडून गेलाय. त्याने स्वतः तक्ता भरला असता, किंवा नुसता नीट वाचला असता, तरी त्याच्या लक्षात आलं असतं. तक्ता भरणाऱ्यासमोर डायरी होती. त्याला अकरानंतर थेट तेरा दिसली. त्याला वाटलं, लिहायचं राहिलं असेल. त्याने रिकामी जागा भरून काढली. म्हणजे त्याला कागद करता येतात, पण तो मोठ्या समुद्रावर कधी गेलेला नाही.” पाटणकर थांबले. “आणि त्या दिवशी डायरी होती त्या खोलीत विलास आलाच नाही. कौस्तुभला ती चोरायची गरज नव्हती.”

प्रभावतीबाईंनी मान वळवली. सगळ्यात आधी त्यांनाच कळलं होतं.

“रव्या,” त्या म्हणाल्या.

रवीने ते नाकारलं नाही. तो उठून बाहेर गेला. धम्मदीपा उठायला लागली, तर पाटणकरांनी हातानेच तिला थांबवलं. थोड्या वेळाने त्याच्या मोटारसायकलची डिकी उघडल्याचा आवाज आला. तो परत आला आणि त्याने निळी डायरी मामाच्या पायाशी ठेवली.

“इलासभाऊ म्हणले, जाळून टाक,” तो म्हणाला. “माज्यानं जाळवली न्हाई.”

“पर चोरवली,” प्रभावतीबाई म्हणाल्या.

“मामी, चार वर्सं. चार वर्सं कुणी दारात उभं केलं न्हाई. ते म्हणले, हे एवढं कर, यादीतनं नाव काढतो. नुसते चौकोन भरायचेत, म्हणले. रत्ना तर गेलाच हाय.”

“सही?”

“म्या केली. त्येचे समदे फारम मीच भरायचो. हाताला बसलेली.”

धम्मदीपाने डायरी उघडली. शेवटची नोंद सतरा मार्चची होती. ती मोठ्याने वाचायला लागली, कामावर रिपोर्ट वाचतात तशा सपाट आवाजात.

“‘आज पंधरा तास. हवा मोजायचं मीटर बंद आहे. मेटला सांगितलं. म्हणाला, जपानला मागवू. सही केली नाही म्हणून चिडलाय. उद्या सकाळी कोठीतलं पाणी बघायला जा म्हणाला. मी म्हटलं, मीटर? तो म्हणाला, खाली उतरू नको, वरूनच टॉर्च मार.’”

ती थांबली.

“पुढं वाच,” सोपान म्हणाले.

“‘रवीचा मेसेज आला होता. विलासभाऊ त्यालाही या जहाजावर लावायचं बघतो म्हणाले. नेट मिळालं की त्याला कळवायचं, इथे येऊ नको. घरी बस, पण इथे येऊ नको.’”

रवी खाली बघत राहिला. हे पान त्याने वाचलेलं होतं, हे सगळ्यांना कळलं. वाचून झाल्यावरच त्याने पहिला चौकोन भरला होता.

सोपानने डायरी मिटवून मांडीवर घेतली. बराच वेळ ते तिच्यावर तळवा ठेवून बसले. मग त्यांनी पाटणकरांकडे पाहिलं.

“साहेब, एक इचारतो. पैल्या दिशी कागुद बगितला, तवाच तुमी गप झाला, असं ही पोरगी म्हणली. तुमाला ह्येचं खोटेपण येवढं कसं वळखू आलं?”

पाटणकरांना सोपं उत्तर देता आलं असतं. अनुभव, असं म्हणता आलं असतं.

“मी स्वतः भरलेत असे,” ते म्हणाले. “चीफ मेट होतो तेव्हा. नंतर कॅप्टन झालो तेव्हा दुसऱ्यांकडून भरून घेतले. पोरं सोळा-सोळा तास उभी असायची आणि मी दहा तास विश्रांती लिहायचो. त्यांना बोलावून सह्या घ्यायचो. कोणी नाही म्हटलं नाही.”

“किती वर्सं?”

“एकोणीस.”

“त्या पोरांतलं कुणी मेलं का?” प्रभावतीबाईंनी विचारलं.

“माझ्या जहाजावर नाही.” मग त्यांनी वाक्य दुरुस्त केलं. “मी उतरेपर्यंत नाही.”

प्रभावतीबाई उठल्या आणि आत गेल्या. चहा आला नाही. पाटणकरांनीही वाट पाहिली नाही.

७

त्यांनी तीन कागद तयार करून एका वकिलामार्फत जहाज ज्या देशात नोंदलेलं होतं तिथे, आणि इकडच्या सरकारी खात्याला पाठवले. पहिला, डायरीची प्रत. दुसरा, रवीचा जबाब. तिसरं त्यांचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र : असे तक्ते कसे तयार होतात, आणि आपण ते कुठल्या कुठल्या जहाजांवर, कुठल्या वर्षी केले. वकील म्हणाला, हे शेवटचं कशाला, याने तुम्हीच अडकाल. पाटणकर म्हणाले, असू दे.

कोणीही त्यांना अडकवलं नाही. त्या कागदाबद्दल कुठूनही एक ओळसुद्धा आली नाही, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

रवीने जबाब देऊ नये म्हणून विलास दोनदा गावात येऊन गेला. रवीने तरी दिला, मामाच्या ओट्यावर बसून, स्वतःच्या अक्षरात, पाच पानं. आठवड्याच्या आत त्याचं नाव पुन्हा यादीत गेलं. कौस्तुभ दुसऱ्या एका जहाजावर चढला. रेडिओवरच्या हाकांबद्दल त्याने काही लिहून दिलं नाही. जाण्याआधी त्याने पाटणकरांना फोन केला. दोघेही हवापाण्याचं बोलले.

जूनच्या शेवटी कंपनीचं दुसरं पत्र आलं. आधीच्या पत्रासोबतचा तक्ता कारकुनी चुकीने जोडला गेला, तो मागे घेत आहोत. मनःस्थितीसंबंधीचा उल्लेख वगळावा. रत्नदीप ओव्हाळ यांचा मृत्यू कामावर असताना झालेला अपघात मानण्यात येत आहे. मेटचं नाव कुठेच नव्हतं. मीटरचंही नव्हतं. चौकशी संपली होती. पौडच्या बाजारातलं ऑफिस बंद झालं आणि महिन्याभरात भूगावला दुसऱ्या नावाने उघडलं.

सोपानने पत्र धम्मदीपाकडून दोनदा वाचून घेतलं.

“म्हंजी त्येनं जीव दिला न्हाई, असं लिवलंय?”

“हो, आप्पा.”

“येवढं तरी लिवलं,” ते म्हणाले, आणि पत्र घेऊन प्रभावतीबाईंकडे गेले.

जुलैत पाटणकर माणगावला एका ओळखीच्या माणसाकडे निघाले होते. ताम्हिणीच्या अलीकडे पाऊस इतका होता की पुढचा रस्ता दिसेना, म्हणून त्यांनी एका धाब्यापाशी गाडी थांबवली. पत्र्यावर सरींचा आवाज चालला होता. चहा घेऊन आला तो रवी. अंगावर प्लास्टिकचा कागद, हाताला कांद्याचा वास. दोघांनी एकमेकांना जय भीम केला.

“मामीकडे जातोस का?”

“जातो. ताट वाढत्यात. बोलत न्हाईत.” त्याने टेबल पुसलं. पुसून झालं तरी तो गेला नाही. “साहेब, त्या जहाजावर आता कोन हाय? रत्नाच्या जागंवर?”

पाटणकरांनी चौकशी केली होती. “झारखंडचा कोणीतरी आहे. बावीस वर्षांचा. पहिलंच जहाज. नाव मिळालं नाही.”

“मीटर घेतलं का त्यांनी?”

“माहीत नाही.”

“मग त्येला कुनी सांगितलंय का?”

पाटणकरांनी चहाचा कप हातात धरला, पण प्यायले नाहीत. रवी उत्तरासाठी थांबला. मग आतून कोणीतरी हाक मारली, तसा फडकं खांद्यावर टाकून तो भजी तळायला निघून गेला.